अडवायला एक माणूस

निवृत्त झाला की माणूस तज्ज्ञ होतो. लातूरच्या कॉलेजात मी जन्मभर मराठी शिकवलं, तेव्हा मला कोणी कशातलाच तज्ज्ञ म्हटलं नाही. पेन्शन सुरू झाली आणि वर्षाच्या आत लोककला प्रशिक्षण शिबिरांच्या निवड समितीवर माझी नेमणूक झाली. सरकारी पैशातून दरवर्षी काही कलावंतांना शिबिर मिळतं. त्यात हॉल, शिकणाऱ्यांना चहा-नाश्ता आणि शिकवणाऱ्याला मानधन असतं. ते कोणाला द्यायचं हे ठरवायला नांदेडच्या एका सभागृहात सादरीकरणं ठेवली होती. प्रत्येक कलावंताला सात मिनिटं. आधी झालेल्या समितीच्या सत्काराला अशी काही मर्यादा नव्हती. ऐन उन्हाळ्यात अंगावर दोन शाली घेऊन आम्ही तिघं तज्ज्ञ घामाघूम बसलो होतो.

चहाच्या वेळी माहूरजवळच्या एका खेड्यातला म्हातारा गोंधळी माझ्याशेजारी येऊन टेकला. गळ्यात कवड्यांची माळ, काखेत तुणतुणं. बोलायला त्याला ओळख लागत नव्हती.

"एकट्यानं गोंधळ होत न्हाई, सर," तो म्हणाला. "एक सांगणारा लागतो अन् एक अडवणारा लागतो."

मी लोकसाहित्य शिकवलेलं असल्यामुळे मान डोलावली. लग्नानंतर घरात देवीचा गोंधळ घालतात तेव्हा मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि साथीदार मध्येमध्ये त्याला अडवतो. शंका काढतो, टोमणे मारतो, भलतंच काही विचारतो. त्यामुळे कथा हलती राहते आणि पाहुण्यांना डुलकी लागत नाही. या म्हाताऱ्याचा साथीदार म्हणजे त्याचा चुलतभाऊ. तो वारला होता. एक मुलगा हैदराबादला टेम्पो चालवत होता, दुसरा पुण्यात वॉचमन होता. गावातली पोरं गोंधळाला येत, पण मोबाईलवर शूटिंग घ्यायला.

"मानधनाचं बघू," तो म्हणाला. "मला शिबिरातून एक माणूस पायजे. न्हाई गावला तर माझ्यासंगं कथा बी गेली."

त्याचा नंबर आला. त्यानं पदर खोचल्यासारखा धोतराचा सोगा खोचला आणि देवांना बोलवायला सुरुवात केली. गोंधळ सुरू होण्याआधी गावोगावच्या देवांना नाव घेऊन आवतण द्यावं लागतं आणि त्यात कोणाला गाळता येत नाही. माहूरहून निघून तो हदगाव, नांदेड, कंधार करत लातूर जिल्ह्यात शिरला आणि उदगीरला पोचतो न पोचतो तोच अध्यक्षांनी घंटा वाजवली.

समितीत देवणीचे एक निवृत्त हेडमास्तर होते. सकाळपासून त्यांनी डोळे उघडले नव्हते. ते आता उघडले.

"घंटा कशाला वाजवली? पुढचं देवणीच होतं."

"सर, सात मिनिटं झाली," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणून आमच्या देवीला उदगीरच्या स्टँडावर सोडून आपण जेवायला जायचं का?"

गोंधळी हात जोडून उभा होता. "साहेब, थांबू का पुढं जाऊ? अर्धे आले हायत, अर्धे वाटंत हायत."

अध्यक्ष म्हणजे खात्याचे अधिकारी, माणूस भला. बाहेर पथकांची रांग होती, वरून फोनवर फोन येत होते, आणि पहाटेपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. तरी ते हसले. "घ्या, देवणीपर्यंत घ्या. कथा मात्र नको."

अशा रीतीनं समितीनं कथेचा एक शब्द न ऐकता कथेचं शिबिर मंजूर केलं. शेऱ्याच्या जागी आम्ही एकमतानं लिहिलं, 'आवाज खणखणीत.'

शिबिर किनवटला एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. उद्घाटनाच्या बॅनरवर पाच मान्यवरांचे फोटो होते आणि कोपऱ्यात संबळ, तोही इंटरनेटवरून घेतलेला असावा, कारण तो तबला होता. शिकायला काही शिक्षक आले होते, त्यांना प्रमाणपत्र हवं होतं. कॉलेजची पोरं होती, भजनी मंडळातल्या चार-पाच बाया होत्या. आणि एक तिशीची बाई होती, तिथल्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी. घर बौद्ध, वडील रेल्वेतून निवृत्त. वस्तीच्या गायन पार्टीत ती ढोलकी वाजवायची आणि तिला संबळाचा हात शिकायचा होता.

पहिल्याच दिवशी तिनं उभं राहून सांगितलं, "बाबा, मी वाजवीन. पण देवांना बोलावणार नाही. आमच्या घरात आजोबांपासून ते बंद आहे."

भजनी मंडळानं एकमेकींकडे पाहिलं. माझ्याकडे अशा प्रसंगासाठी परंपरा आणि परिवर्तन या विषयावरचं एक भाषण तयार असतं. सुदैवानं कोणी मागितलं नाही.

"बोलवायचं काम माझं हाय, म्याडम," गोंधळी म्हणाला. "तू काड्या नीट धर."

आठवड्यानं मी पाहणीसाठी पुन्हा गेलो तेव्हा आवतणं सगळ्यांना पाठ झाली होती. शिक्षक मंडळी तर तालुकावार म्हणत होती. म्हातारा मात्र उतरलेल्या चेहऱ्यानं बसला होता.

"ह्यांना शंकाच येत न्हाई, सर. कसं करावं?"

त्यानं मला ऐकवलंच. माहूरच्या देवीची कथा त्यानं लावली. ऋषी आपल्या बायकोवर संतापतो आणि मुलांना तिचं मस्तक उडवायला सांगतो. थोरले नकार देतात. इथे साथीदारानं अडवायचं असतं. एका शिक्षकानं हात वर करून विचारलं, "गुरुजी, मग पुढे काय घडले?" भजनी मंडळातल्या एका बाईनं हात जोडले. चुलतभावाचे जुने टोमणे म्हाताऱ्यानं त्यांना शिकवले होते, ते त्यांनी पाढे म्हटल्यासारखे म्हटले.

म्हातारा नेटानं पुढे गेला. धाकट्यानं परशू उचलला, असं तो म्हणाला आणि कमरेला संबळ बांधलेल्या त्या बाईचा हात थांबला.

"त्यानं आईला काही विचारलं का आधी?"

"काय इचारायचं?"

"काय झालं ते. आम्ही साधी सुई टोचतानाही विचारतो माणसाला."

हॉल हसला. म्हाताऱ्यानं तुणतुणं खाली ठेवलं.

"आता ह्याला म्हणत्यात अडवणं," तो बाकीच्यांना म्हणाला.

"मी चेष्टा नाही केली बाबा," ती घाईनं म्हणाली.

"केली असती तरी चाललं असतं. माझा भाऊ लई करायचा."

समारोपाला तिनंच अडवावं असं म्हाताऱ्यानं ठरवलं, पण तिचं मन लगेच तयार झालं नाही. कथेत बोलायचं म्हणजे गोंधळात भाग घेतल्यासारखंच झालं, असं तिला वाटत होतं. घरी जाऊन तिनं वडिलांना विचारलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "पप्पा म्हणाले, हात जोडू नको. प्रश्न विचारायला आपल्यात कधीच मनाई नव्हती."

समारोपाला प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि लोककला लोप पावत चालल्याबद्दल इतका वेळ बोलले की ती तिथल्या तिथे लोप पावते की काय, अशी मला धास्ती वाटली. मग ती दोघं उभी राहिली. आवतणं म्हाताऱ्यानं एकट्यानं दिली, ती नुसती वाजवत राहिली. कथेत त्या जागी आल्यावर तिनं ठरलेला प्रश्न विचारला. म्हाताऱ्यानं बगल दिली.

"इचारायला येळ कुठं व्हता, म्याडम? बाप लई तापला व्हता."

"परशू आणायला मिळाला की वेळ."

हे ठरलेलं नव्हतं. मागे बसलेल्या बायांमधून एक म्हातारी ओरडली, "बराबर हाय पोरीचं!" म्हातारा अडला. तेव्हा तिनं संबळ असा काही घुमवला की लोकांना ती थांबायचीच जागा आहे असं वाटावं, आणि त्याला विचार करायला सवड मिळाली.

"चुकलंच त्याचं," तो शेवटी म्हणाला. "पर मी गोंधळी हाय बाई, त्याचा वकील न्हाई."

टाळ्या पडल्या. पाहुणे तोवर पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले होते.

बॅनर उतरवणं चालू असताना म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "लगीनसराईत माझ्यासंगं येशील? घरचे गोंधळ हायत."

ती काड्या पुसत राहिली. "देव मांडलेला असेल तिथं नाही येणार, बाबा. शाळेत, स्टेजवर, कुठंही बोलवा."

"घरचाच खरा असतो."

"माहीत आहे मला."

दोघांनीही एवढंच बोलून ते सोडलं. मला मध्ये पडून काहीतरी समजूतदार बोलावंसं वाटलं. सुचलं नाही, ते बरं झालं.

शिबिराच्या अहवालात मी लिहिलं की एक व्यक्ती तयार झाली. अधिकाऱ्यांचा फोन आला. "सर, वीस प्रशिक्षणार्थी आणि तयार एकच? वर काय सांगू?" मी म्हटलं, गोंधळीबाबांनी एकच मागितली होती. ते म्हणाले, "बरं. मी 'समाधानकारक' टाकतो." सरकारी भाषेत इतका खरा शब्द मी क्वचित वाचला आहे. समाधान अर्धंच होतं. घरच्या गोंधळांना म्हातारा आता एका भाच्याला घेऊन जातो. तो दिवटी धरतो आणि प्रत्येक वाक्याला 'हां जी, हां जी' म्हणतो. अडवत नाही.

मागच्या महिन्यात म्हाताऱ्याचा फोन आला. आवाज तोच खणखणीत, सुरात तक्रार.

"सर, लई बिघडली ही म्याडम. काल आश्रमशाळेत कथा लावली. दर दोन वाक्याला अडवून राहिली. तिचं बघून पोरं बी अडवायला लागली. कथा पुरीच झाली न्हाई."

"मग राहिलेली?"

"बुधवारी पुन्हा बोलावलंय. तिनं दवाखान्यात रजा टाकली हाय."