आत्याची छत्री आणि कप्तानाची बाग

किस्से पडवीत रचलेल्या लाकडांसारखे असतात. एक ओढायला जावं तर चार घरंगळत पायावर येतात. बंगल्याबद्दल कुणी काही विचारलं की माझं हेच होतं. विचारणाऱ्याला फक्त वेळ आणि रस्ता हवा असतो, आणि मी आमच्या घरच्यांपासून सुरुवात करते.

बंगला म्हणजे कप्तानाचा बंगला. रत्नागिरीहून मालगुंडच्या बाजूला जाताना खाडीच्या वर टेकाडावर आहे. खलाशी म्हणून बोटीवर चढलेल्या आणि कप्तान होऊन उतरलेल्या एका माणसाने ब्रह्मदेशातून सागवान आणून तो बांधला. उताराला चिऱ्यांचे टप्पे करून खाडीपर्यंत बाग केली. जुनी घरं आणि बागा कशा जपाव्यात, हे मी चार वर्षं परदेशात शिकले. तिकडे लोक रविवारी म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोराबाळांना घेऊन अशी घरं बघायला जातात आणि दिवसभर रमतात. आपल्याकडे का नाही, एवढ्या एका प्रश्नासाठी मी तिकडची नोकरी न बघता घरी परत आले.

बंगल्याच्या मालकीण सुमतीबाई पुण्याला असतात. कप्तानाची नात, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी मला एक वर्ष दिलं. "दर रविवारी उघडा. पुढच्या गणपतीला मी येईन आणि ठरवीन. एक हॉटेलवाला कधीचा मागे लागलाय." मग म्हणाल्या, "पोर्चवर माझ्या आजीने लावलेली जाई आहे. सात पाकळ्यांची. तिला तेवढं सांभाळा."

*

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी बाहेरचं कुणी येईल असं वाटेना, म्हणून मी घरच्यांनाच बोलावलं. आई, बाबा, बाबांची थोरली बहीण म्हणजे मालगुंडची आत्या, आणि सुट्टीला डोंबिवलीहून आलेला धाकटा काका. चाळीस मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं. पोर्चमध्ये उभं राहून मी "या वास्तूचं वैशिष्ट्य असं की" म्हटलं आणि मागे वळले, तर मागे कुणीच नव्हतं.

सगळे विहिरीवर वाकून उभे होते. काकाने आत खडा टाकून कान दिला. बाबांनी माळी गंगारामदादांना विचारलं, मे महिन्यात किती उरतं. दादा म्हणाले, "मेमधी पन कलशी कधी तळाला घासली नाय."

चौघांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. बाबा माझ्याकडे वळले. "चल, आता घर दाखव. पाणी आहे म्हणजे बांधणाऱ्याला अक्कल होती."

मी तेव्हा रुसले. पण पुढचे तीन रविवार बघितलं, चिपळूणचे असोत की लांज्याचे, गाडीतून उतरलेला प्रत्येक माणूस आधी विहिरीकडेच जातो. त्यानंतरच्या रविवारी मी भाषणच विहिरीपासून सुरू केलं. तेव्हापासून माझ्या मागे कायम माणसं असतात.

त्या पहिल्या दिवशी आत्या मात्र निघताना पोर्चमधल्या जाईपाशी थांबली आणि म्हणाली, "बरी आहेस ना गो?"

मी म्हटलं, बरी आहे, जरा दमले. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, प्रश्न मला नव्हता.

*

आईचं आणि माझं भांडण बोटीच्या घंटेवरून झालं.

कप्तानाने शेवटच्या बोटीवरची पितळी घंटा घरी आणून दिवाणखान्यात टांगली होती. शंभर वर्षांत तिच्यावर काळपट हिरवा थर चढला होता. तो थर म्हणजेच तिचं वय, तो कसा जपायचा असतो, यावर मी आईला जेवताना चांगला अर्धा तास समजावत होते. आई ऐकत होती. मध्येच तिने आमटी वाढली.

पुढच्या रविवारी मी पाहुण्यांना घेऊन दिवाणखान्यात शिरले, तर घंटा सोन्यासारखी चमकत होती. खाली पाटावर आई बसलेली, हाताला चिंच आणि रांगोळी.

माझा चेहरा बघून ती म्हणाली, "शंभर वर्षांत कोणी घासली नाही, हे बाहेरच्या माणसांना सांगायचं कशाला?"

तिकडे मला शिकवणाऱ्या बाईंना मी हे पत्राने कळवलं. त्यांनी फक्त एक ओळ लिहिली, की आईने चिंच किती वेळ ठेवली ते विचार. मला वाटलं, त्या चिडल्या. त्यांना ते खरंच जाणून घ्यायचं होतं. आता त्यांच्या घरची भांडी चिंचेने घासतात.

*

काकाला मी दोष देत नाही. बंगल्यातली आरामखुर्ची तशी होतीच. लांब हातांची, वेताची, खाडीकडे तोंड केलेली. मी तिच्यापुढे दोरी बांधून ठेवली होती. काका दोरीखालून गेला आणि झोपला.

पुण्याची काही मंडळी आली तेव्हा मी बागेत होते. वर आले तर काका जागा होऊन गोष्ट सांगत होता. मलाक्काच्या सामुद्रधुनीत वादळ, शिडाचा खांब मोडलेला, कप्तान दोन दिवस दोन रात्री सुकाणूपाशी. एक बाई डोळे पुसत होत्या. काकाला सगळे कप्तानाचा नातू समजत होते आणि काकाने ते नाकारलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी त्याला झापलं. इथे खोटं चालणार नाही म्हटलं. एक वस्तू खोटी, एक गोष्ट खोटी, तर सगळंच खोटं.

काका शांतपणे म्हणाला, "बरं. मग कप्तानाबद्दल खरं काय काय ठाऊक आहे ते सांग. तेच सांगतो."

मी सांगितलं. एकूण चार वाक्यं झाली.

"एवढ्यावर मला जाग पण यायची नाही," काका म्हणाला आणि पुन्हा झोपला. त्या दिवसापासून मी गावोगाव हिंडून म्हाताऱ्या खलाशांकडून कप्तानाच्या गोष्टी जमवते. आज एकोणतीस खऱ्या गोष्टी आहेत. काका म्हणतो, त्याची वादळाचीच चांगली होती.

*

आता छत्रीचं.

मार्गशीर्षात आत्या दुसऱ्यांदा आली. आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि तिच्या काखेत मिटलेली काळी छत्री. दिवसभर ती बागेत एकटीच हिंडली. बागेच्या प्रत्येक टप्प्यावर मी स्वतः रंगवलेली पाटी होती: फुलं, पानं, फांद्या तोडू नयेत.

संध्याकाळी ती निघाली तेव्हा फाटकाशी कोल्हापूरचं एक मोठं कुटुंब उभं होतं. ऊन तिरपं आत्याच्या डोळ्यांवर येत होतं. मी प्रेमाने तिची छत्री घेतली आणि उघडली.

अनंत, कोरांटी, दोन जातींचं क्रोटन, तगर. छत्रीतून फांद्यांचा पाऊस पडला.

आत्या जराही ओशाळली नाही. "मागून नेलेलं रोप रुसतं गो. आपण न मागता न्यावं, बागवाल्याने न बघितल्यासारखं करावं. रीत आहे ती."

मी तेव्हा नुकतीच शिकून आलेली होते. त्या कोल्हापूरच्या मंडळींसमोर मी तिला वारसा म्हणजे काय ते सांगितलं. प्रत्येकाने एक फांदी नेली तर शंभर वर्षांनी इथे काय उरेल, हे विचारलं. सगळ्या फांद्या उचलून माझ्याकडे ठेवल्या. आत्याने छत्री मिटली, नीट बटण लावलं.

"तुझ्या बागेत माझी छत्री चालत नाही," ती म्हणाली, "तर मी तरी कशाला येऊ?"

आणि ती खरंच आली नाही. पौषात नाही, माघात नाही, शिमग्याला पालखी दाराशी आली तेव्हा आमच्या घरीसुद्धा नाही.

जप्त केलेल्या त्या फांद्या मी रीतसर कुंड्यांत लावल्या. एकही जगली नाही. हे मी आत्ता पहिल्यांदा सांगतेय.

*

पौषातच मी जाई छाटली.

जुनी वेल फार माजली की थंडीत ती कमरेएवढी छाटायची, म्हणजे नवी फूट जोमाने येते. माझ्या वहीत हे आकृतीसकट होतं. गंगारामदादा म्हणाले, "ताई, आता नको. पाऊस लागू दे, मंग बगू." मी त्यांना वही दाखवली. त्यांनी आकृती उलटसुलट बघितली आणि विचारलं, "ह्यांच्याकडं कातल हाय?"

नव्हता. ज्या देशात ती वही लिहिली तिथे काळी ओली माती होती. आमच्या पोर्चखाली हातभर मातीच्या पुढे सगळा जांभ्याचा कातळ. माघात ऊन चढलं आणि तो तव्यासारखा तापला. शिमग्यापर्यंत जाईच्या खोडाला नख लावलं तरी हिरवं दिसेना.

घरी सगळ्यांची बैठक बसली. काका फोनवर होता. त्याचं म्हणणं, रोपवाटिकेतून दुसरी जाई आणून लाव, पाकळ्या कोण मोजतंय. आई म्हणाली, त्या बाई मोजतील, त्यांच्या आजीची आहे. बाबा मग म्हणाले, "एक वस्तू खोटी तर सगळंच खोटं, असं कोणीतरी म्हणालं होतं आमच्या घरात."

मी उठून सुमतीबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. वही, पौष, गंगारामदादांचं न ऐकणं, सगळं. पलीकडे पंखा फिरल्याचा आवाज येत होता.

"गणपतीला येते तेव्हा बघू," त्या म्हणाल्या. "हॉटेलवाल्याला मी थांबवलं होतं ते त्या जाईच्या जिवावर." आणि फोन ठेवला.

त्या उन्हाळ्यात बंगल्यात सर्वांत जास्त माणसं आली. मुंबईकर आले, नातवंडांना घेऊन आजोबा आले. पोरं टप्प्याटप्प्याने खाडीपर्यंत पळत गेली. लोक डबे खाऊन वडाखाली झोपले. मी जे स्वप्न घेऊन आले होते ते समोर चालताना दिसत होतं. आणि पोर्चवर एक वाळका खुंट होता, त्याला मी रोज पाणी घालत होते.

*

आषाढात एका सकाळी बाबांनी स्कूटर काढली. म्हणाले, बहीण-भावातलं भांडण वर्षभर चालतं, पण आत्या-भाचीतलं इतकं चालू नये. माफी मागायला चल.

मालगुंडला आत्याचं घर पाखाडीच्या पायऱ्या उतरून खाली आहे. मी वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं होतं. आत्या दारातच होती. मी म्हटलं, आत्या, माझं चुकलं. ती म्हणाली, पाय धुऊन ये, मागे विहिरीवर.

मी मागच्या परसात गेले. विहिरीच्या कडेला, गडग्याच्या दगडी कुंपणावर पसरून, पार रहाटापर्यंत एक जाई गेली होती. खाली फुलांचा सडा. मी एक फूल उचललं आणि पाकळ्या मोजल्या. सात. मग दुसरं उचललं. मग खाली बसून ओंजळभर मोजली.

बाबा मागे येऊन उभे राहिले होते. "आमच्या लग्नानंतर आम्ही सगळे बंगला बघायला गेलो होतो," ते हळूच म्हणाले. "सुमतीबाईंची आजी होती तेव्हा, नव्वदी पार केलेली. पोर्चमध्येच बसलेली. तुझी आत्या, आमची अक्का, मे महिन्यात छत्री घेऊन आली होती. मला वाटलं, उन्हासाठी."

"आणि त्या आजीने बघितलं नाही?"

"ती टक लावून खाडीकडे बघत होती."

आत्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. मी ओंजळ तशीच धरून तिच्याकडे गेले. सगळं सांगितलं. बंगल्याची जाई गेली, माझ्याच हाताने गेली, गणपतीला दोन महिने आहेत, मला हिची एक फांदी दे.

"नाही देणार," आत्या म्हणाली.

मी बाबांकडे बघितलं. बाबा विहिरीत बघत होते.

आत्याने पदराला हात पुसले आणि आमच्याकडे पाठ केली. "मी चहा टाकते. आल्याचा करते, म्हणजे वेळ लागेल." ती आत गेली. आतून पातेल्याचा, मग खलबत्त्याचा आवाज यायला लागला. मी कात्री कुठे असेल म्हणून इकडेतिकडे बघत होते. ती रहाटाच्या खांबाला नव्या सुतळीने टांगलेली होती.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. खलबत्त्यातल्या आल्यावर शेवटचा घाव बसला, आणि आतून आत्याचा आवाज आला.

"जाताना माझी छत्री घेऊन जा गो."