मुंग्यांनी खाल्लेल्या स्लाइड्स

मला शीर सापडायची नाही आणि तिला सापडायची. एवढ्यावरून मी एका मुलीला चार महिने पाण्यात पाहिलं. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. दहावीनंतर मी व्होकेशनलला गेले होते, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला. कोर्सच्या शेवटी, बारावीच्या परीक्षेनंतर, चार महिने खऱ्याखुऱ्या लॅबमध्ये काम करायचं असायचं. आमच्या वर्गातून आम्हा दोघींना उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पातल्या एका लॅबमध्ये पाठवलं. खाली कापडाचं दुकान, वर लॅब. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या सरांनी, स्वच्छ सांगून टाकलं, "कोर्स झाल्यावर दोघींपैकी एक को रखूँगा. जिसका काम अच्छा, तिची नोकरी."

माझ्या घरी ही नोकरी मला मिळाल्यातच जमा होती. वडील अंबरनाथला एका कारखान्यात मशीनवर होते. त्यांनी मला दोन पांढरे कोट शिवून घेतले आणि रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळ्या वस्तीला सांगून मोकळे झाले, "पोरगी डॉक्टरकडं लागली." मी म्हणायची, अहो दादा, अजून शिकतेय. ते म्हणायचे, तेच ते. आमच्याकडे तोवर बायका शाळेत शिकवायला लागल्या होत्या, एक टपालात होती, पण पांढऱ्या कोटाचं अप्रूप वेगळंच होतं. नोकरी दुसरीला मिळाली तर दादा वस्तीत तोंड कसं दाखवतील, हा विचार मी रोज सकाळी कोटाबरोबर अंगात घालायची.

आणि ती दुसरी कोण, तर बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची मुलगी. बदलापूरला, बेलवलीत मामाकडे राहून शिकत होती. एकच कोट, तोही मामीनं धुतल्यावर पिवळा पडलेला. वर्गात मी पहिल्या पाचात असायची, ती जेमतेम पास व्हायची. 'हिमोग्लोबिन' हा शब्द तिला एका दमात लिहिता येत नव्हता. त्यामुळे मी निर्धास्त होते.

पहिल्या आठवड्यातच माझा नक्षा उतरला. मी दंडावर पट्टा बांधायची, कोपराच्या खळगीत टिचक्या मारायची, पुस्तकात दिलेली शीर नेमकी पुस्तकातच राहायची. दोनदा टोचून तिसऱ्यांदा सुई घेतली की माणूस हात काढून घ्यायचा. ती मात्र पट्टासुद्धा सैल बांधायची. बोटानं एकदा चाचपायची, पेशंटला विचारायची, "काय जेवला काल?" आणि तो उत्तर देईपर्यंत सिरिंजमध्ये रक्त आलेलं असायचं. मी एकदा विचारलं, हे कुठं शिकलीस? ती म्हणाली, "आमच्याकडं रोज कुणाच्या तरी पायात काटा असतो गं. लहानपणापासून मीच काढते. शिकायचं काय त्यात?"

शिकायचं काय त्यात! मी रात्रभर पाठांतर करून जे जमवू शकत नव्हते ते हिला काटे काढून आलं होतं.

मग लोक तिला मागायला लागले. कॅम्पातल्या सिंधी बायका जिन्यावरूनच ओरडायच्या, "वो पतली वाली छोकरी है ना?" मी समोर सुई घेऊन उभी असले तरी त्या बाकावर बसून राहायच्या आणि म्हणायच्या, आम्हाला घाई नाही. सर हसायचे. मी पण हसायची, आणि आत जाऊन टेस्ट ट्यूब इतक्या जोरात घासायची की दोन फुटल्या. तिचं वाईट व्हावं असं काही मला वाटत नव्हतं. तिला फक्त एकदा, सगळ्यांसमोर, शीर सापडू नये एवढंच वाटायचं. ते काही होत नव्हतं.

ऑगस्टात मलेरियाची गर्दी सुरू झाली. बोटाला टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, दुसऱ्या पट्टीच्या कोपऱ्यानं तो गोल पसरायचा आणि आपोआप वाळू द्यायचा. हा जाड थर गरम करायचा नाही, त्याला काही लावायचं नाही. असं उघडं रक्त मुंग्यांना फार आवडतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते सरांनी सांगितलं. म्हणून मागच्या खोलीत परातीत पाणी घालून, मध्ये वाटी पालथी घालून, तिच्यावर स्लाइड्सचा ट्रे ठेवायचा. घरी दुधाचं पातेलं ठेवतो तसंच. ज्या दिवशी जिच्याकडे स्लाइड्स, तिनं पाण्याकडे लक्ष द्यायचं, कारण वर पंखा असायचा आणि पाणी आटायचं.

एका शनिवारी स्लाइड्स तिच्याकडे होत्या. बाहेर बाकं भरली होती आणि ती एकापाठोपाठ एक रक्त घेत होती, कारण अर्थातच सगळ्यांना तीच हवी होती. मी कापूस आणायला मागच्या खोलीत गेले. परातीत पाणी नव्हतं. तळाशी नुसता ओला डाग राहिला होता. खिडकीतून लाल मुंग्यांची रांग निघाली होती, टेबलावरून परातीत, परातीतून वाटीवर. पुढच्या काही मुंग्या ट्रेपर्यंत पोचल्या होत्या.

कोपऱ्यात पाण्याची बादली भरलेली होती. तांब्याही होता.

मी तिथं किती वेळ उभी होते ते मला नक्की माहीत आहे. सगळी रांग नीट बघून होईपर्यंत. मग मी कापूस घेतला आणि बाहेर आले.

तासाभरानं ती आत गेली ती बाहेर येईना. मी गेले तर ती ट्रे हातात धरून उभी होती. रक्ताच्या गोलांची जाळी झाली होती, काहींचा तर पत्ताच नव्हता. सर आले. ती म्हणाली, "सर, सकाळी पाणी घातलं होतं मी."

"तो चींटियाँ तैरके आईं क्या?" सर म्हणाले. एरवी मी या वाक्यावर पोट धरून हसले असते. ती एकेक स्लाइड उचलून कुणाची ते बघायला लागली. मी मात्र मूग गिळून उभी होते.

जवळपासच्या पेशंटना निरोप धाडून परत बोलावलं. ते चिडले, पण आले. एक बाई मात्र कधीच गेली होती, बारवीच्या वरच्या पाड्यावरची, अंगात सणसणीत ताप असलेली. तिला निरोप कसा द्यायचा? जिच्या स्लाइड्स गेल्या तीच म्हणाली, "मी जाते." रुमालात दोन कोऱ्या स्लाइड्स, टोचायची सुई आणि स्पिरिटचा बोळा बांधून ती दुपारीच बदलापूरच्या गाडीला पळाली. रविवारी लॅब बंद. सोमवारी सकाळी ती पावडरच्या रिकाम्या डब्यात स्लाइड घेऊन आली. पाय चिखलानं भरलेले. एसटी मध्येच बंद पडली म्हणून पुढचं चालत गेली होती.

ती स्लाइड रंगवून मायक्रोस्कोपखाली मीच लावली. भिंग फिरवताना मनात म्हणत होते, काही नसू दे, काही नसू दे. बाईसाठी म्हणत होते की स्वतःसाठी, ते आजही ठरवता येत नाही. होता. वाईट जातीचा मलेरिया होता. सरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ती त्या घेऊन त्याच पावली परत पाड्यावर गेली. बाई वाचली, असं पुढच्या आठवड्यात कळलं.

मला वाटलं होतं, आता नोकरी तिचीच. एवढी पायपीट केल्यावर कोण नाही म्हणेल? पण शेवटच्या दिवशी सरांनी मला आत बोलावलं. "हाथ उसका अच्छा है, पण स्लाइड सांभाळता येत नाही तर मी रिपोर्ट कसा देणार? तू एक तारखेपासून ये." आता तरी बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, सर, पाणी आटलेलं मी पाहिलं होतं. दादांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी म्हणाले, "थँक्यू सर."

बाहेर ती कोटाची घडी घालत होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, तुझं घर पण जवळ हाय," आणि खरोखर आनंदानं माझा हात दाबला. मला तिचा त्याही क्षणी हेवा वाटला. चांगलं वागणं तिला किती सोपं जायचं! शिरेसारखंच, चाचपलं की सापडलं. ती गेल्यावर पुन्हा भेटली नाही. कुणी म्हणे अंगणवाडीत लागली, कुणी म्हणे लग्न झालं. मी शोधलं नाही.

दादांनी वस्तीत पेढे वाटले. माझा हात हळूहळू बसला, दुसऱ्या टोचणीत तरी रक्त यायचंच. पण पुढं कितीतरी महिने बाकावरून तेच विचारणं चालू राहिलं, ती कुठं आहे? पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा 'ती नाही आता' म्हणायला माझी जीभ रेटेना. मी म्हणाले, "छुट्टी पर है." मग तेच पाठ झालं.

एक म्हातारी सिंधी बाई होती, साखर तपासायला आलेली. हातांच्या शिरा दोऱ्याएवढ्या. मी दोनदा टोचलं. तिसऱ्यांदा सुई उचलली तेव्हा तिनं बाही खाली ओढली आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "रहने दे बेटी. वो छुट्टी से आएगी तब मैं आऊँगी. कब आएगी?"

मी म्हणाले, "सोमवार को."

सोमवारी सकाळी मी लॅब उघडायला गेले, तर म्हातारी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, उपाशीपोटी, बाही वर करून बसली होती.