चौथ्यांदा आलेली मशीन

आमच्या घरात सगळ्यात स्वच्छ जागा कुठली, तर मागची पत्र्याची शेड. तिथे हे झाडं कापायच्या मशिनी खोलून बसतात. हे म्हणजे माझे यजमान, मोतीराम. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात चौतीस वर्षं इंजिनं जोडली, निवृत्त झाले, आणि महिनाभर घरात बसून इतके वैतागले की मीच शेजाऱ्यांची बंद पडलेली चेनसॉ ह्यांच्या पुढ्यात आणून ठेवली. ती माझी चूक. तेव्हापासून माझी दोन गाळणी, दात घासायचे ब्रश आणि एक चांगला स्टीलचा डबा शेडमध्ये गेले ते गेलेच.

आडगावच्या आसपास जुन्या द्राक्षबागा काढणारे, रस्त्याकडेच्या फांद्या छाटणारे, सगळे ह्यांच्याकडे येतात. ह्यांचा नियम असा की टाकी रिकामी करूनच मशीन आणायची, कारण शेडला लागून माझा गॅस आहे. मग हे आपलं मोजून ऑइल मिसळलेलं पेट्रोल घालतात, दोरी ओढतात आणि डोळे मिटून आवाज ऐकतात. पूर्ण वेगात किंचित घरघर असली म्हणजे पेट्रोल पुरेसं मिळतंय. घरघर जाऊन नुसती किंचाळी राहिली तर इंजिन आतून जळणार. एवढ्या फरकावर हे कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतात. कारखान्यात बोल्ट आवळला की सही करायची, चूक झाली तर तीही लिहायची. ती सवय अंगात मुरलेली. त्यामुळे दोष काय होता हे गिऱ्हाइकाला समोर बसवून सविस्तर सांगतात, त्याला हवं असो वा नसो.

अशा माणसाकडे हर्षलची मशीन दुरुस्त होऊन परत परत यायला लागली.

हर्षल हा कुसाबाईचा मुलगा. कुसाबाई रोज सकाळी आमच्या दारावर भाजी आणि शेवंती घेऊन येते. तिचा नवरा खंडेराव झाडंच तोडायचा. चार वर्षांपूर्वी उंबरावरून पडला आणि तिथेच गेला. वर्षभरातच पोरानं तेच काम धरलं.

मशीन आमच्या शेडमध्ये झकास चालायची. हर्षलनं रानात नेली की तासाभरात खोकून बंद. पहिल्या वेळी ह्यांनी प्लग बदलला. दुसऱ्या वेळी कार्बोरेटरचा पडदा आणि पेट्रोलची नळी. तिसऱ्या वेळी अख्खी मशीन उलगडून वर्तमानपत्रावर मांडली आणि दोन दिवस तिच्याकडे नुसते बघत बसले.

"टाकीत पाणी तर जात नाही ना रे?" ह्यांनी विचारलं.

"पाणी कुठून जाईल काका? पाऊस नाही, काही नाही. कॅन बघा ना."

कॅन पाहिला. आत अगदी स्वच्छ पेट्रोल.

चौथ्यांदा मशीन आली तेव्हा ह्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. "तुला घरघर ऐकू येते का?"

"माझ्या नुसत्या कानठळ्या बसतात," मी म्हटलं.

हे हसले नाहीत. म्हणाले, "माझे कान गेले बहुतेक. मी जे ऐकतोय ते तिथं नाहीच." जेवताना पोळीचा तुकडा हातात धरून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आलेल्या दोन मशिनी न उघडताच परत पाठवल्या. मला पहिल्यांदा भीती वाटली. ह्या माणसाचं काम गेलं तर ह्याच्यात उरणार काय?

त्याच दिवशी कुसाबाई दाराशी मेथी निवडून देताना हळूच म्हणाली, "वहिनी, पाण्यानं मशीन कायमची मरती का? का नुसती बंद पडती?"

मला काही कळेना. "कसलं पाणी?"

"गंगेचं. चमचाभर. सकाळी पोरगं तोंड धुतंय तवर टाकीत घालते."

"अहो, तीर्थ काय टाकीत घालतात?"

"तीर्थ कशाचं वहिनी! घरात दुसरं पाणी नव्हतं व्हय? गंगेचं घातलं म्हंजे पाप कमी लागंल, एवढंच." तिनं पदर तोंडाला लावला. "मशीन बंद पडली का पोरगं दुपारी घरी येतंय. तेवढा दिवस तरी झाडावर नाय चढत. पण मशीन मेली तर तो नवी, मोठी घेईन म्हणतो. हर्षलला सांगू नका. पाया पडते."

मी हो म्हटलं. आत आले आणि ओट्याशी उभी राहिले. सांगावं तर त्या बाईचा विश्वास मोडतो, न सांगावं तर माझा नवरा स्वतःला बहिरा समजून बसलाय. राग कुणावर काढावा हेही कळेना. शेवटी सांगितलं. दिलेला शब्द हर्षलपुरता होता, अशी मी माझीच समजूत घातली.

हे जाऊन मशीनची टाकी बघून आले; ती रिकामी करूनच आणायची हा नियम ह्यांचाच, तर पाणी दिसणार कुठून! मग म्हणाले, "म्हणजे कान ठीक आहेत." आणि लगेच ओशाळले, आपल्याला आनंद झाला म्हणून.

संध्याकाळी हर्षल मशीन न्यायला आला. लंगडत होता. मशीन इथे पडून, म्हणून कुणाची तरी भाड्यानं आणली होती. फांदीत अडकून ती उसळली, चेनचा ब्रेक लागलाच नाही. पँट मांडीपाशी फाटलेली, आत पट्टी. "थोडक्यात वाचलो काकू," म्हणून हसला.

"काका, फॉल्ट काय होता शेवटी?"

ह्यांनी मशीन पुसत पुसत, वर न बघता सांगितलं, "माझाच. स्क्रू चुकीचा लावत होतो. तुझ्या मशीनला काही झालेलं नव्हतं."

चौतीस वर्षांत केलेली चूक लपवली नाही ह्या माणसानं, आणि आज न केलेली कबूल केली. हर्षल चांगला पोरगा आहे, त्यानं हसून मशीन उचलली. जाताना एवढंच म्हणाला, "यापुढं मशीन द्वारका चौकातल्या दुकानात टाकत जाईन काका. तुम्हाला तरी या वयात किती त्रास द्यायचा?" माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसाबाई आली तेव्हा हे स्वतः दारात गेले. मांडीची जखम तिला पोरानं सांगितलीच नव्हती. ह्यांनी सांगितली. "मशीन बंद पडली म्हणून तो घरी बसत नाही, कुसाबाई. तुम्हाला दुपारी घरी दिसतो, मग दुसऱ्याची मशीन घेऊन पुन्हा जातो. त्यापेक्षा त्याची स्वतःची मशीन बरी, तिचा ब्रेक मी तपासलेला असतो."

ती पायरीवर बसली. मग ह्यांच्यापुढे हात जोडले.

"नाय घालणार पाणी. पण भाऊ, आता तुमीच बघा त्याची मशीन. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. तुमचा लय भरवसा हाय मला."

हे "बरं" म्हणाले. हर्षल आता आमच्याकडे येणार नाही, हे तिला आम्हा दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.