कोऱ्या मडक्यातली कॉफी

आयेच्या हातची कॉफी मी लहानपणापासून नाक दाबून प्याले. आमच्या परसात आज्यानं लावलेली कॉफीची झाडं होती. त्यांची फळं आये सालीसकट वाळवायची आणि चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर ठेवायची, सुक्या मासळीच्या शेजारी. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून जे जे जपायचं ते सगळं त्याच ताटीवर. मग कॉफीला बांगड्याचा वास मारला तर नवल काय? भाजताना पुरवठ्याला मूठभर तांदूळ घालायची, तेही करपवून. मग पूड, गूळ, पाणी सगळं एकदम मडक्यात, आणि ते दुपारपर्यंत रटरटायचं. गाळ टाकायचा नाही, दुसऱ्या दिवशी त्यावरच नवं पाणी. तळाला काळा चिकट थर, त्यात मेलेल्या मुंग्या. शी! नको म्हटलं की आये म्हणायची, राजाची लेक लागून गेलीस व्हय.

माझा थोरला भाऊ बरीच वर्षं कोडगूकडच्या कॉफीच्या मळ्यात राबायला होता. त्या साली परत आला तो हे नवं खूळ घेऊन. आल्या आल्या त्यानं आयेचं मडकं हुंगलं आणि उकिरड्यावर पालथं केलं. मला आधी बरं वाटलं. पण हा गडी आयेपेक्षा वैताग निघाला. बी सोलून एकेक निवडायची, किडकी दिसली की आमच्यावर खेकसायचं. मंद जाळावर खापरीत भाजायची, हात थांबवायचा नाही, बी फुटल्याचा आवाज आला की खाली. पूड फडक्यात घालून वरनं कढत पाणी थेंबथेंब सोडायचं, उकळायची म्हणून नाहीच. आणि हे करताना तोंडाचा पट्टा चालू. दर खेपेला बोट बुडवून चाटायचा, तेच बोट परत बुडवायचा. कसली डोंबलाची स्वच्छता!

त्याच उन्हाळ्यात मला बघायला माणसं यायची होती. मुलगा कुंभारवाड्याच्या पलीकडच्या वाडीतला. मी त्याला जत्रेत पाहिलं होतं आणि तो मला आवडला होता, लाजायचं काय त्यात? शिवाय हे जमलं नाही तर दिग्गी गावचा एक बिजवर टपून बसला होता. तंबाखूनं दात किडलेले, बोलताना लाळ उडायची. त्यामुळे हे जमावं म्हणून मी देवाला नारळ बोलले होते.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी रानात वणवा लागला आणि जंगल खात्याच्या गार्डानं गावातले बाप्ये विझवायला नेले, त्यात आमचा बाबाही. भाऊ पाय लचकल्यामुळे घरी राहिला. म्हणाला, पाहुण्यांची कॉफी मीच करणार. त्यासाठी कुंभाराकडनं कोरं मडकं घेऊन आला.

आयेनं कपाळावर हात मारला. आमच्याकडे कोऱ्या मडक्यातलं पाहुण्याला कधी देत नाहीत. आधी त्यात आठ-पंधरा दिवस पेज शिजवतात, कच्च्या मातीचा वास घालवतात, मग ते चारचौघांत काढतात. कोऱ्या मडक्यात लगेच रांधायची वेळ एकाच घरावर येते. जिथं माणूस मेलं, त्या घरातली जुनी मडकी टाकून देतात, तिथं. आयेनं हे त्याला परोपरीनं सांगितलं. भाऊ म्हणाला, पेजेचा वास लागला तर माझ्या कॉफीची माती होईल. आणि मळ्यावरच्या सायबाच्या स्वयंपाकघरातलं काहीबाही ऐकवत बसला. आये दमली आणि पेले घासायला बसली.

पाहुणे आले. मुलगा, त्याचा चुलता, आणि त्या घरात जिचा शब्द चालायचा ती त्याची आत्या. मी पेले नेऊन ठेवले. आत्यानं घोट तोंडात घेतला आणि तशीच थांबली. पेला हुंगला. चुलीवरच्या कोऱ्या मडक्याकडे बघितलं. तोंडातला घोट अंगणात जाऊन थुंकली.

"बाप कुठं हाय पोरीचा?"

वणवा विझवायला गेलाय, काल गेलाय, अजून यायचाय, असं आये चाचरत म्हणाली. चाचरली तिथंच घात झाला.

"मयत झाकून पोरगी उजवताय व्हय?" आत्या म्हणाली.

आता माझ्या भावानं काय सांगावं? बाबा जिवंत आहे, संध्याकाळपर्यंत येईल, बसा, एवढंच ना? पण तो जुन्या मडक्याचा वास कॉफीत कसा उतरतो ते सांगायला लागला. आत्या म्हणाली, कापीसाठी कोण नवं मडकं चढवत न्हाई, आमी काय खुळी न्हाई. आणि उठली. चुलता उठला. मुलगा पेला पुरता रिकामा करून, मिशी पुसून मगच उठला. सुतकाचं पाणी म्हणून आत्या ओकायची बाकी होती, आणि ह्याला तळाचा थेंबही सोडवला नाही.

बाबा दिवेलागणीला आला, भुवया जळालेल्या, अंगभर काजळी. सगळं ऐकून शिव्या घातल्या. सकाळी उठून, जिवंत आहे हे दाखवायला, स्वतः त्यांच्या वाडीला चालत गेला. आये दारात बसून राहिली. मी भात कांडत होते, पण कान वाटेकडे.

दुपारी परतला. आत्या म्हणाली होती की माणूस जिता हाय, बरं झालं, पण सोयरिकीच्या बैठकीत मयताचं नाव निघालं, आता जुळवणं नाही. बाबानं तांब्याभर पाणी पिऊन टाकलं.

मी विचारलं, मुलगा काय म्हणाला?

"त्यो व्हय? त्यो वाटंपातूर पोचवाय आला हुता," बाबा म्हणाला. "कापी कशी केलीती म्हणून इचारत हुता."

भाऊ ओसरीवर होता. तो ताठ होऊन बसला आणि म्हणाला, मग फडक्यातनं गाळायची ते सांगितलंस न्हवं? मला भावाची आणि त्या मुलाची, दोघांचीही अशी किळस आली की मुसळ टाकून मी परसात निघून गेले.

पंधरा दिवसांत दिग्गीच्या त्या बिजवराची माणसं आली. त्यांना आयेनं ताक दिलं. सगळे ते पोटभर प्याले आणि तिथंच सुपारी फुटली.