एका दगडाचे दोन प्राणी

आक्काला विद्वान माणसांचा पहिल्यापासून तिटकारा. तीस वर्षं तिने खाणीच्या छपराखाली बसून कौलांऐवजी घालायच्या पातळ फरशा काढल्या. दगड उभा धरायचा, कडेवर छिन्नी टेकवायची, हातोड्याचा एक हलका ठोका, की दगड वहीसारखा उघडला. नवरा गेल्यावर याच ठोक्यांवर तिने धाकट्या भावाला वाढवलं. आणि हे शहाणे? हातमोजे घालून नुसते दगडाभोवती घुटमळणार!

ते दिवसच तसे होते म्हणा. जगात जिकडेतिकडे दगडातून हाडं निघत होती. आधी लोक ती राक्षसाची म्हणायचे, मग विद्वानांनी सांगितलं, हे जुन्या काळचे प्राणी. झालं! जो उठला तो हाडाला आपलं नाव चिकटवायला धावला.

आक्काच्या हाताखालीही असाच एक निघाला होता. दगड उघडला तर एका फरशीवर हाडं, दुसरीवर त्याच हाडांचा खोलगट ठसा. मुकादम पक्का बिलंदर. त्याने एक फरशी ढेरपोट्या प्राध्यापकाला विकली, दुसरी काटकुळ्या डॉक्टरला, आणि दोघांनाही सांगितलं, "साहेब, अशी एकच आहे." दोघांनी आपापल्या जाड पुस्तकात आपापला प्राणी छापला. एकाचं तोंड डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे, म्हणून म्हणे जाती दोन! वीस वर्षं ते एकमेकांची उणीदुणी काढत होते. आक्का तोंड दाबून हसायची. फुकटची करमणूक कोण बंद करतो?

यंदा मात्र तिचं हसू पळालं. आपलाच प्राणी खरा हे दाखवायला दोघांनाही आणखी हाडं हवी होती, म्हणून मालकाने खाणीचा जुना कडा उघडायचं ठरवलं. तो कडा सडका. ठोका मारला की आतून बद्द आवाज यायचा. मागे तिथे दोन माणसं गाडली गेली होती. आणि जादा मजुरीसाठी पहिलं नाव कुणी दिलं? धाकट्याने. आक्काने गयावया केल्या. "तू तुझ्या फरशा बघ," म्हणाला.

काम सुरू व्हायच्या आदल्या सकाळी दोघे विद्वान मालकाच्या ऑफिसात आले. काय शोधायचं ते मजुरांना दाखवायला त्यांनी आपापली फरशी आणली होती. मजूर बघून गेले. आक्का मागे थांबली.

"साहेब, हा एकच प्राणी आहे. मी स्वतः फोडलाय."

"बाई, तुला यातलं काय कळतं?" प्राध्यापक हसला.

आक्काने डॉक्टरची फरशी उचलली आणि तो "अगं, अगं!" करेपर्यंत पालथी करून प्राध्यापकाच्या फरशीवर ठेवली. केस जाईल एवढीही फट राहिली नाही.

मालक छताकडे बघू लागला. डॉक्टरने उठून दाराला कडी घातली. "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"मुकादम मेला. आता मलाच."

"आमची पुस्तकं सगळीकडे वाचली जातात हो," प्राध्यापक घसा खाकरून म्हणाला. मघाची "तू" आता "हो" झाली होती!

वा रे विद्वान! कड्याखाली कोण मरेल याची फिकीर नाही, अब्रूची तेवढी काळजी. आक्काला त्यांची शिसारी आली.

"दोन म्हणा, नाहीतर दहा म्हणा. मरेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. पण तो कडा बंद करा. आज, आत्ता."

वीस वर्षं ज्यांचं एका शेपटीवर एकमत झालं नव्हतं, त्यांचं पाच मिनिटांत झालं. "तिथे काहीही मिळण्यासारखं नाही" असं दोघांनी एकाच कागदावर सहीनिशी लिहून दिलं.

संध्याकाळी धाकटा पाय आपटत घरात शिरला. "कडा बंद झाला! साहेबांकडे जाऊन काय बरळलीस तू? एवढी शिकलेली माणसं, त्यांच्यासमोर आपली शोभा करून घ्यायची?"

आक्काच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण शब्द दिला होता.

"चुकलं रे बाबा माझं," ती म्हणाली आणि तिने त्याला जेवायला वाढलं.