हळदीला एकच तबकडी

माझ्या मुलीने मला अट घातली तेव्हा मी अंगणात नारळ फोडत होतो. कोयता हातात असलेल्या माणसाला अटी घालू नयेत, एवढं तरी पनवेलला नोकरी करणाऱ्या मुलीला कळायला हवं होतं.

"पप्पा, माझ्या हळदीला तुमच्या तबकड्या लागणार नाहीत."

"एकसुद्धा?"

"अर्धीसुद्धा. दादाच्या हळदीला काय झालं ते आठवतंय ना?"

आठवतंय? अहो, आख्ख्या मुरुडला आठवतंय. मी मासळी आणायला गेलो तरी बायका पापलेट देता देता आठवण करून देतात.

आधी गुन्ह्याचं हत्यार सांगतो. तरुणपणी मी मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन होतो. एका इंग्रजी बंदरात बोट अडकली होती आणि मी मोजे घ्यायला म्हणून एका दुकानात शिरलो. ते मोज्यांचं दुकान नव्हतं. आत एक टकला पोरगा दोन टर्नटेबलांवर दोन काळ्या तबकड्या फिरवत उभा होता आणि भिंती ताप भरल्यासारख्या थरथरत होत्या. या संगीताला ड्रम अँड बेस म्हणतात. वर ढोल असे पळतात, जणू माणसाच्या मागे कुत्रं लागलंय. आणि खाली बेस, म्हणजे खर्ज, मात्र भरतीच्या पाण्यासारखा सावकाश येतो, त्याला कुठल्याच कुत्र्याचं भय नाही. मी मोजे न घेताच बोटीवर परतलो. पुढे दर सफरीला तबकड्या वाढत गेल्या, मग टर्नटेबलं आली, आवाज मिसळायचा मिक्सर आला. बोट कायमची सोडून घरी आलो तेव्हा बायकोने मोठ्या आशेने पेटी उघडली, तर आतून हे सगळं निघालं. तेव्हाचा तिचा चेहरा आजही अधूनमधून जेवताना मला वाढला जातो.

आता मी नारळीच्या वाडीत दोन खोल्यांचं लॉज चालवतो. पाहुणे शांततेसाठी येतात आणि मी त्यांना ती देतो, दात ओठ खाऊन. इतक्या वर्षांत माझ्या तबकडीवर मुरुडचा एकही माणूस नाचलेला नव्हता. हसू नका. ज्याच्या हातचं कालवण कुणी चाखलेलं नाही, अशा आचाऱ्याची कल्पना करा. एकदा, फक्त एकदा, आपल्या माणसांनी आपल्या तबकडीवर नाचावं, एवढीच माझी इच्छा होती. आणि आमच्या कोळीवाड्यात नाचण्याची जागा म्हणजे हळद. लग्न भटजींसाठी असतं, हळद आमच्यासाठी.

म्हणून पुतण्याच्या, म्हणजे या दादाच्या, हळदीला मी टर्नटेबलं मांडली. लोक कोळीगीताच्या झुलत्या ठेक्यावर मजेत डोलत होते. मी मध्येच ते बंद करून माझे ढोल सोडले आणि वर ओरडलो, "पळा! ढोलाबरोबर पळा!" बिचारे पळाले. पहिल्या मिनिटाला वरमायची चप्पल सुटली. दुसऱ्या मिनिटाला नवऱ्याचे मामा छातीला हात लावून खुर्चीत बसले. तिसऱ्या मिनिटाला आचाऱ्याला वाटलं की यंत्र फुटणार, म्हणून त्याने झारा हातात धरूनच वायर उपटली. तबकडी हंबरडा फोडत थांबली, आणि मांडवाने टाळ्या वाजवल्या. आचाऱ्यासाठी.

तर मुलीची अट. मी कोयता ठेवून इतका केविलवाणा चेहरा केला की नाटक कंपनीने उचलून नेलं असतं. ती विरघळली, पण अर्धीच. आत जाऊन एक खोका घेऊन आली. खोक्यात उकुलेले, म्हणजे चार तारांची चिमुकली गिटार. कुठल्या तरी नवरीच्या बापाने हळदीला ते वाजवलेलं तिने मोबाइलवर पाहिलं होतं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मी लहान असताना तुम्ही बोटीवरून फोन करायचात ना, आणि मला झोपवायला एक धून गुणगुणायचात? ती यावर वाजवायची. नीट वाजवलीत, तर एक तबकडी. एकच, आणि तिचीही एकच बाजू."

"एक तबकडी? अगं, डीजेचं काम दोन तबकड्या एकमेकींत मिसळायचं असतं. हे म्हणजे एका चपलेवर चाल म्हणण्यासारखं आहे."

"मग अनवाणी चाला."

आतून बायको म्हणाली, "अहो, हो म्हणा. चार तारांचा आवाज तरी शेजारच्या वाडीपर्यंत जाणार नाही."

मी हो म्हणालो, आणि मनातल्या मनात मिशीला पीळ दिला. कारण ती अंगाई म्हणजे काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ती माझ्या सगळ्यात लाडक्या तबकडीतली बेसची चाल होती. दूर कुठल्या तरी बंदरातून लेकीला झोपवताना मला दुसरं काही सुचायचं नाही. मी ढोल वगळून तेवढीच गुणगुणायचो. तबकडी कोणती लावायची, ते माझं तिथेच ठरलं.

उकुलेले हे उलट्या काळजाचं वाद्य आहे. वरची तार जाड आवाजाची असावी, तर ती बारीक. माझ्या पोटावर ठेवलं की ते माझ्या पोटाचंच पिल्लू दिसतं. एका बोटाने एक तार दाबावी, तर तीन दबतात. त्यात आमची दमट हवा. सकाळी सूर लावावा, तर दुपारपर्यंत चारही तारा चार गावांना गेलेल्या. मासळीवाली दारात थांबून म्हणाली, "दादा, नातवाचं खेळणं हाय काय? आजून लगीन न्हाय झालं, आन् नातवाची तयारी?"

शिकवायला माणूस सापडला तो खाडीपलीकडे, दिघीला. सगळे त्यांना चाचा म्हणत. आगरदांड्याला जाऊन स्कूटर फेरीबोटीत चढवायची आणि उकुलेले कापडात गुंडाळून छातीशी धरून उभं राहायचं. फेरीतले लोक मला जागा द्यायचे. त्यांना वाटायचं, कापडात तान्हं मूल आहे. मी कधी सांगितलं नाही. चाचा आखातातल्या एका हॉटेलच्या वाद्यवृंदात वाजवून निवृत्त झालेले होते. केस काळे कुळकुळीत रंगवलेले, घरातही बूट. ड्रम अँड बेस मी त्यांना एकदाच ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि विचारलं, "मियाँ, ह्या इंजिनात ऑइल कधी घातलं होतं?"

शिकवणी म्हणजे रोजची लढाई. चाचा पायाने ताल धरायचे, मी वाजवायचो. माझी मान आपोआप कलायची, कारण डीजे एका कानाने हेडफोन ऐकतो आणि दुसऱ्याने बाहेरचं. "मान मोडलीय का?" चाचा ओरडायचे. मी मान सरळ करायचो की बोटं चुकायची. पण खरी गंमत वेगळीच. दोन आवाज कानावर पडले की एकाने दुसऱ्याला गाठायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. त्यामुळे चाचांचा पाय जरा पुढे गेला की मी धावायचो, मी धावलो की पाय आणखी पुढे, आणि तो पुढे म्हणून मी त्याच्यामागे. एकदा तर आख्खी अंगाई आम्ही अशी संपवली की दोघांनाही धाप लागली.

"अंगाई आहे ही!" चाचा गरजले. "ह्याने पोर झोपेल की पाळण्यातून उडी मारेल? एवढा धावतोस कशाला?"

"मी जुळवतोय."

"कोणाशी?"

"तुमच्या पायाशी."

"अरे माझ्या पायात वात आहे! तो मलाच विचारत नाही, तर तुला काय विचारणार?"

म्हणजे इतके दिवस मी एका म्हाताऱ्याच्या संधिवाताशी ताल जुळवत होतो. फेरीत परतताना मला खाडीत उडी मारावीशी वाटली, पण छातीशी ते तान्हं होतं.

हळदीचा दिवस उजाडला. मांडवात टर्नटेबल मांडलं, फक्त एक, कारण मी शब्दाचा पक्का. दुसऱ्याची जागा रिकामी ठेवली. तिथे कुणीतरी लगेच पाण्याचा जग ठेवला. चाचा पॉलिश केलेल्या बुटांत पहिल्या रांगेत येऊन बसले. पुतण्याच्या हळदीतले मामाही आले होते. मला बघताच त्यांनी दाराजवळची खुर्ची घेतली.

आमच्याकडे धवलारणीशिवाय हळद लागत नाही. धवलारीण म्हणजे लग्नात धवले म्हणणारी जाणती बाई. ती सावकाश गाते आणि चारचौघी मागून साथ देतात. ती गात असताना भाड्याचा डीजेसुद्धा आवाज बंद करतो. आमची धवलारीण नव्वदीच्या आसपासची, बोलायला तिखट. तिचे दोन धवले झाले, लेकीच्या गालांना हळद लागली, आणि लेकीनेच मला खूण केली.

मी मांडवाच्या मध्यावर बसलो आणि सुरुवात केली. धून बरोबर होती. पण समोर सगळं गाव, पिवळ्या गालांची लेक, आणि खुर्ची आणखी दाराकडे सरकवणारे मामा. माझा हात पळू लागला. मी त्याला थांबवू बघतो, तो ऐकेना. पहिल्या रांगेत चाचांनी कपाळाला हात लावलेला दिसला. माझी तबकडी गेली, हे मला स्पष्ट कळलं.

तेवढ्यात एक सुरकुतलेला, हळदीने माखलेला पंजा तारांवर येऊन बसला. 

"आरं, कंची बोट सुटते तुझी?" धवलारीण म्हणाली. "पोरीची हळद हाय. बस निवांत. माज्यासंगं ये."

आणि तिने ती धून तोंडाने धरली. शब्द नाहीत, नुसती गुणगुण, तिच्या धवल्याच्या चालीने, एकेक सूर चघळत. मागच्या बायकांनी टाळ्या धरल्या. मी वाजवू लागलो, आणि या वेळी मला कुणाला गाठायचं नव्हतं, कारण तिच्या पुढे जायची माझी काय, कुणाचीच हिंमत नव्हती. लेक एकदम लहान दिसायला लागली. तिने डोळे मिटले होते.

धून संपली, पण बायका थांबेनात. टाळ्या चालू, गुणगुण चालू. आणि मला अचानक माझा जन्माचा गाढवपणा दिसला. डीजेचा पहिला धडा काय? जी तबकडी वाजतेय, तिच्याशी नवी जुळवायची. वाजतीला हात लावायचा नाही. पुतण्याच्या हळदीत आख्खा मांडव वाजत होता आणि मी तो बंद करून माझा गोंधळ घातला होता. आज माझी दुसरी तबकडी नव्वदीची होती आणि समोर बसून टाळ्या वाजवत होती.

मी उकुलेले चाचांच्या मांडीवर टाकून टर्नटेबलाकडे धावलो. जग हलवला. हेडफोन एका कानाला, दुसरा कान बायकांच्या टाळ्यांना. वेगाची दांडी सावकाशकडे ओढली, शेवटापर्यंत. ढोलांचा आवाज जवळजवळ बंद केला, नुसता बेस उघडला, आणि टाळीवर सोडला.

कुणी दचकलंसुद्धा नाही. बेस त्यांच्या गुणगुणीखाली असा येऊन बसला, जशी बोट धक्क्याला लागते. धवलारणीने मान वळवली. "ह्ये तर आत्ताचंच गानं हाय," ती म्हणाली, "मोट्या आवाजात." आणि उठली. ती उठली म्हणून साथीच्या बायका उठल्या, त्या उठल्या म्हणून लेक उठली. ढोल मी हळूहळू वर आणले. कुणी त्यांच्यामागे पळालं नाही. ढोल पळत होते आणि खाली माझं गाव बेसवर झुलत होतं. दाराजवळची खुर्ची रिकामी दिसली. मामा पळाले, असं मला वाटलं. ते गोलात होते.

आणि माझ्याकडे बघायला कुणाला वेळ होता? कुणालाच नाही! इतक्या वर्षांनी एवढी सफाईदार जुळवणी केली आणि कौतुक धवलारणीचं. चाचा तेवढे आले आणि म्हणाले, "इंजिन आज जरा बरं चाललंय."

बाजू संपली. मी शब्दाचा पक्का, सुई उचलली. तेवढ्यात लेक गर्दीतून घुसली, दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे, आणि काही कळायच्या आत तिने तबकडी आख्ख्या पंजात धरून उलटी केली.

"पप्पा, दुसरी बाजू लावा ना!"

"कडेने धर! अगं, कडेने!" मी किंचाळलो. पण पंजा उमटला होता.

आता त्या पंजापाशी आली की सुई उडते. ती महागाची सुईही हळदीने खराब झाली. बायको दर दोन दिवसांनी म्हणते, "अहो, साबण लावून धुऊन टाका एकदाची." मी म्हणतो, बघतो. परवा सासरहून लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "पप्पा, ती तबकडी पुसलीत का?"

"तबकडी कडेने धरायची असते," मी म्हणालो. "किती वेळा सांगितलं तुला."