टँकरपुढं चालणारे काका

दुष्काळात आमच्या हर्सूलच्या गल्लीत पाण्याचा टँकर वळला, की सगळे हंडे घेऊन धावायचे. समोर एकटे राहणारे काका मात्र हात वर करून टँकरच्या पुढं चालायचे, सावलीत निजलेली कुत्री उठवत. त्यांची एकुलती बादली सगळ्यात शेवटी भरायची, कधी भरायचीही नाही.

"चाचा, हटो ना!" ड्रायव्हर ओरडायचा.

"हळू, बाबा, हळू."

एकदा मीच चिडलो. "काका, कुत्र्यांचा एवढा कसला कळवळा?"

"मी तेलाच्या जहाजावर होतो," ते म्हणाले. "एकदा बंदरात पोचलो, तर जहाजाच्या नाकावर मेलेला देवमासा अडकलेला. हळू गेलो असतो तर सरकला असता बिचारा. कधी धडकला, कुणालाच माहीत नाय. चहाचा कपसुद्धा हलला नव्हता."